घोडा कुणाचा, बंदूक कुणाची

दरवर्षी एक जानेवारी जवळ आली की आपल्या वस्त्यांच्या भिंतींवर दोन आकडे लागतात. पाचशे आणि अठ्ठावीस हजार. खाली बहुतेक ठिकाणी आणखी एक ओळ असते, लढाई आपल्या रक्तातच आहे म्हणून. आकड्यांचं मी पुढं बोलतो. आधी रक्ताचं बोलायचंय. कारण मित्रांनो, हा रक्ताचा सिद्धांत आपला नाही. ज्यांनी तो मांडला, त्यांनीच आपल्या खापरपणज्यांना फौजेतून बाहेर काढलं.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. कॉलेजात जाऊन इतिहास शिकलो नाही. रद्दीतली पुस्तकं, वाचनालयातली पुस्तकं, रात्रपाळी नसेल तेव्हा वाचलेली. त्यातून एक खोड लागली. पुस्तक सांगतं लढाई कोण जिंकलं, कुठल्या तारखेला जिंकलं. मला विचारावंसं वाटतं, लढले कसे? घोड्यावरून की पायी? घोडा कुणाच्या मालकीचा? हत्यार कुणी दिलं? रात्री राहुटी कुठं ठोकली? या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की जात बरोबर सापडते. बखरीत सरदारांची नावं असतात, पण लढाईच्या तऱ्हेत सगळ्या समाजाची उतरंड असते.

आपल्या मुलखातली जुनी लढाई म्हंजे घोड्याची लढाई. गनिमी कावा म्हणतात तो एका माणसाच्या डोक्यातून एका रात्रीत निघाला नाही. दख्खनच्या या युद्धपद्धतीला आकार देणाऱ्यांत मलिक अंबरचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. हा अंबर म्हंजे हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. बाजारात माणसाची किंमत लावतात तशी त्याची किंमत लागली होती. तोच पुढं निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं मोगलांच्या जडशीळ फौजांना हलक्या घोडदळानं जेरीस आणलं. १६२४ साली भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. गुलाम म्हणून विकलेल्या माणसानं दख्खनला लढायला शिकवलं, ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कुणी ठळक करून सांगत नाही.

या लढाईचं तंत्र साधं आहे आणि अवघडही आहे. समोरासमोर ठाकायचं नाही. शत्रूची रसद तोडायची, चारा जाळायचा, पाणी अडवायचं, घाटात कोंडायचं. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची मोगल फौज शिवाजी महाराजांच्या माणसांनी अशीच कोंडली. वर जंगल, खाली अरुंद वाट, प्यायला पाणी नाही. खान सामानसुमान टाकून, खंडणी कबूल करून सुटला. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावानं निजामाला तेच दाखवलं. निजामाच्या तोफा मागं राहिल्या, फौज अन्नपाण्याला महाग झाली आणि त्याला तह करावा लागला.

आता यातला घोडा बघा. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. शिवाजी महाराजांनी पागा मजबूत केली, म्हंजे घोडा सरकारचा ठेवला आणि शिलेदाराचा तोरा कमी केला. सभासदाच्या बखरीत सगळा हिशोब आहे. पंचवीस घोड्यांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा ही माणसं हिशोबात आहेत, पण त्यांची नावं बखरीत नाहीत.

घोडा बाळगायला चारा लागतो, चाऱ्याला जमीन लागते. गावात महाराला बलुतं होतं, हाडकी हाडवळ्याचा तुकडा होता. घोड्यावर बसून तो गावातून निघाला तर गाव ते कसं घेईल, हे वेगळं सांगायला नको. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडं मारल्याच्या बातम्या आपण आपल्या डोळ्यांनी वाचल्यात. तेव्हा घोड्याच्या लढाईत वर बसणारा कोण, आणि लगाम धरून खाली चालणारा कोण, हे लढाईच्या आधीच ठरलेलं होतं.

पण एक गोष्ट बखरकारांच्या नजरेतून सुटते. गनिमी काव्यात घोड्याइतकीच किंमत वाटेच्या माहितीला असते. कुठली पायवाट कुठं उतरते, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं, कुठल्या शिवेवर कुणाचा पहारा आहे. हे कुणाला ठाऊक? शीव राखणाऱ्याला. वेशीवर रात्र काढणाऱ्याला. महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड यांना. किल्ल्याची रचना बघा. वर हवालदार, सबनीस, कारखानीस. जातीही ठरलेल्या, मराठा, ब्राह्मण, प्रभू. आणि खाली घेऱ्यात, मेटांवर, जंगलाच्या तोंडाशी हे सगळे. शत्रू पहिल्यांदा कुणावर येणार? खालच्यावर. जीव पहिला कुणाचा जाणार? खालच्याचा. सोय इतकी पक्की की गावकुसाबाहेरचं माणूस गडावरही तटाबाहेरच राहिलं. आणि फौज गावावरून गेली की ओझी वाहायला, वाटाड्या म्हणून पुढं चालायला वेठीला धरायचा तोही हाच. वेठीला धरलेल्या माणसाला कुणी सैनिक म्हणत नाही, मग तो तोफेच्या टप्प्यात का चालेना.

हत्यारांचंही तसंच. तलवार, पट्टा, विटा, भाला. ही हत्यारं एकट्या माणसाची. पट्टा फिरवायचा तर मनगट वर्षानुवर्षं घडवावं लागतं. तालीम लागते, उस्ताद लागतो, पोटाला दूध लागतं, आणि दिवसातला मोकळा वेळ लागतो. तलवारीच्या लढाईत कीर्तीही एकट्याची असते. अमक्यानं तमक्याचं डोकं उडवलं, म्हणून त्याला इनाम, त्याचा पोवाडा. दिवसभर सांगावे पोचवणारा, ढोरं ओढणारा, सरपण फोडणारा माणूस त्या स्पर्धेत उतरायच्या आधीच मागं पडतो. तरीही आपल्यातली माणसं लढली. मराठ्यांच्या फौजेत महार नव्हतेच, असं म्हणणं खोटं ठरेल. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतल्या शिदनाकाची गोष्ट आपल्याकडं सांगतात. त्याची राहुटी इतरांच्या राहुट्यांजवळ लागली म्हणून कुरकुर झाली. तेव्हा कुणी जाणता सरदार म्हणाला, ही जेवणाची पंगत नाही, लढणाऱ्यांचा मेळा आहे. सांगणारे ही गोष्ट अभिमानानं सांगतात. मला त्यातली कुरकुर आधी ऐकू येते. ज्याच्या तलवारीवर भरवसा ठेवायचा, त्याच्या राहुटीचा विटाळ! लढाई एकट्याची असल्यानं हे जमून जात होतं. लढताना तो त्याच्या जागी आणि हा ह्याच्या. अंगाला अंग लावायची गरजच नव्हती.

ही गरज आणली बंदुकीनं. तोड्याची जुनी बंदूक नव्हे, तीही जामगी पेटवून एकेकट्यानं उडवायची बंदूक. मी म्हणतो ती गारेची बंदूक आणि तिच्याबरोबर आलेली कवाईत.

कवाईत म्हंजे काय ते नीट समजून घेऊ. त्या बंदुकीचा नेम काही भरवशाचा नव्हता. शंभर पावलांच्या पलीकडं एकट्यानं एकाला मारायचं तर नशीब लागायचं. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढायचा. काडतूस दातांनी फाडायचं, कानात थोडी दारू टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी, गजानं ठासायची, मग खांद्याला लावायची. एकट्याच्या हातात ती बंदूक म्हंजे धूर आणि आवाज. पण शंभर माणसं दोन-तीन ओळींत खांद्याला खांदा लावून उभी केली, सगळ्यांनी एका हुकमासरशी बार काढला, एक ओळ झाडत असताना दुसरी भरत राहिली, तर समोरचं घोडदळ भिंतीवर आपटल्यागत थांबतं. घोडा संगिनींच्या कुंपणात शिरत नाही. मात्र रांग मोडली की खेळ खलास. एक माणूस पळाला की भोक पडतं, आणि त्या भोकातून मरण आत येतं. म्हणून तलवारीच्या लढाईत शूर माणूस हवा असतो, आणि रांगेच्या लढाईत शेजारी टिकणारा माणूस.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला या दोन तऱ्हा एकाच फौजेत होत्या. एका बाजूला इब्राहिमखान गारद्याची आठ-दहा हजार कवाईती माणसं आणि तोफा. खुद्द इब्राहिमखान हे शास्त्र फ्रेंचांच्या हाताखाली शिकलेला. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार सरदारांची पथकं. गोल बांधून, तोफा पुढं ठेवून सरकत जायचं असा बेत होता. गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण वर्णनं सांगतात की गारद्यांचा मारा ऐन रंगात असताना काही पथकं आपली मर्दुमकी दाखवायला रांग मोडून पुढं घुसली. मग आपलीच माणसं पुढं आल्यावर गारद्यांनी बार कुणावर काढायचा? पानिपतच्या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत. उपासमार आहे, बरोबरचे हजारो यात्रेकरू नि बाजारबुणगे आहेत, अब्दालीची उंटांवरची तोफखानी आहे. पण एक कारण हेही आहे की ज्याला त्याला आपापलीच लढाई लढायची होती. रांगेत उभं राहणं त्यांच्या मानात बसत नव्हतं. इब्राहिमखान मात्र शेवटपर्यंत राहिला, पकडला गेला आणि मारला गेला.

पानिपतानंतर शहाण्यांनी धडा घेतला. महादजी शिंद्यांनी द बॉयन्या नावाच्या युरोपियनाकडून कवाईती कंपू उभे केले. त्या कंपूंनी १७९० साली पाटण आणि मेडत्याला राजपूत घोडदळाची मोड केली. पुढं २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांच्याच कवाईती पायदळानं आणि तोफांनी कंपनीच्या वेलस्लीला जिंकता जिंकता रडवलं. कंपनीची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली. म्हणजे तंत्र आलं होतं. प्रश्न असा की त्या रांगेत उभं कुणाला केलं? शिंद्यांच्या कंपूत मोठा भरणा अवध-बिहारकडच्या पुरबियांचा. पेशव्यांकडं अरब, गोसावी, सिंधी, रोहिले. समुद्रापलीकडून अरब आणायचा, चांगला पगार द्यायचा, पण वेशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक द्यायची आणि त्याला रांगेत खांद्याशी घ्यायचं, हे काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही भाबडेपणाचं होईल. खांद्याला खांदा लावणं म्हंजे त्यांचं सगळं शास्त्र बुडणं. लढाईची तऱ्हा बदलली आणि जातीची बदलली नाही. मग बाहेरून माणूस विकत घ्यावा लागला.

मुंबईच्या कंपनीला शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. तिला माणसं हवी होती. तिचा मुलूख लहान, पैसा थोडा. बंगालची फौज अवधचे ब्राह्मण, राजपूत निवडून घेई आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्याला जपे. मुंबईच्या फौजेत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल, पुरबिये एकाच कंपनीत मिसळून उभे राहात. कंपनीच्या कागदांत महारांना परवारी म्हणत. परवारी शिपाई नाईक होई, हवालदार होई, सुभेदार होई, आणि वरच्या जातीचा शिपाई त्याला सलाम ठोकी. बराकीबाहेर चुली वेगळ्याच राहिल्या, जात मेली नव्हती. पण कवाईतीच्या मैदानावर पाऊल एकाच वेळी पडे. ज्याची सावली चालत नाही, त्याचा खांदा चालवून घ्यावा लागे. नाही चालवला तर समोरून येणारा स्वार दोघांनाही कापणार होता.

कंपनीचे उपकार म्हणून मी हे सांगत नाही. ती मुलूख लुटायला आली होती आणि तिला स्वस्तात हात हवे होते. तिनं आपल्याला माणूस म्हणून घेतलं नाही, बंदूक धरणारा म्हणून घेतलं. पण हातात महिन्याचा ठरलेला पगार आला, वेठ सुटली, म्हातारपणी पेन्शन आली, फौजेतल्या पोरांसाठी शाळा आली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. १८९१ साली बाबासाहेब जन्मले ते महूच्या छावणीत.

आता कोरेगाव. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून कॅप्टन स्टॉन्टन निघाला. बरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे पाचशे. त्याशिवाय तीनशेच्या आत-बाहेर स्वार, आणि दोन तोफांवर मद्रासचे चोवीस गोरे गोलंदाज. रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी पोचले तर समोर पेशव्याचा तळ. फौज अठ्ठावीस हजारांची सांगतात, त्यात वीस हजार घोडा. मोकळ्या रानात हे घोडदळ अंगावर आलं असतं तर तास टिकले नसते. स्टॉन्टननं कोरेगाव गाव धरलं. भिंती, घरं, अरुंद गल्ल्या. वीस हजार घोड्यांचा गल्लीत उपयोग काय? ते बाहेर घेरून उभे राहिले. आत शिरले ते पायदळ, अरब, गोसावी आणि कवाईती, सुमारे दोन हजार. म्हंजे गल्लीत जी लढाई झाली ती पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार अशी झालीच नाही. पण म्हणून ती हलकी होत नाही. अरब शिपाई त्या काळातला कडवा लढवय्या. त्यांनी गावातली मोक्याची जागा धरली, एक तोफ हिसकावली, ती संगिनींनी परत मिळवावी लागली. दिवसभर पोटात अन्न नाही. नदी शेजारी, आणि पाण्याचा थेंब नाही, कारण पाण्याची वाट पेशव्याच्या माणसांनी अडवलेली. आठ गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले किंवा जखमी झाले. गोलंदाजांपैकी काहींनी शरण जाऊ म्हणून धरलं. रांग तुटली नाही. रात्र झाली तेव्हा जनरल स्मिथची फौज जवळ येतेय या बातमीनं पेशव्याचा तळ हलला. कंपनीकडची आठशे चौतीसपैकी दोनशे पंचाहत्तर माणसं मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. पेशव्याची पाच-सहाशे.

कुणी कुणाला कापून काढलं नाही. पेशव्याची फौज सोडून गेली, आणि स्टॉन्टन शिरूरला परत फिरला. पुणं तर आधीच नोव्हेंबर १८१७ मध्ये कंपनीच्या हाती गेलं होतं. बाजीराव शरण आला जून १८१८ मध्ये. ही पलटणही नुसती महारांची नव्हती, मिसळीची होती. स्तंभावर एकोणपन्नास शिपायांची नावं आहेत, त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे.

आपल्यातले काही जण मला म्हणतात, असं लिहून शत्रूच्या हातात कोलीत कशाला देतोस? मी उलट म्हणतो. फुगवलेला आकडा कुणीही टाचणीनं फोडतो. २०१८ साली द्विशताब्दीच्या दिवशी दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर तर या लढाईवर बोलायला जो तो उभा राहिला. त्यांच्यासमोर आपण खरं घेऊन उभं राहायला हवं, आणि खरं जास्त मोठं आहे. गावात ज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती, तो मराठ्याच्या, मुसलमानाच्या खांद्याला खांदा लावून, उपाशी, तहानलेला, अधिकारी पडल्यावरही दिवसभर रांग न मोडता उभा राहिला. हे त्यानं जन्मतः आणलं नव्हतं. तो ते शिकला होता, आणि शिकायची संधी मिळताच कुणाहून कमी पडला नाही. मनुस्मृतीला यापेक्षा मोठा जबाब कुठला?

आता रक्ताचं बघा. १८५७ नंतर इंग्रजांना भीती बसली. मग हळूहळू त्यांच्या सेनापतींनी एक शोध लावला की हिंदुस्थानात काही जमाती जन्मतः लढाऊ असतात आणि बाकीच्या नसतात. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला रॉबर्ट्स या मताचा मोठा पुरस्कर्ता. शीख, गुरखा, पठाण यांचं रक्त लढाऊ, बाकीच्यांचं पातळ. मिसळीच्या कंपन्या मोडल्या, जातवार कंपन्या केल्या. मग महाराला कुठल्या कंपनीत घालायचं? आणि महार सुभेदाराला सलाम कोण करणार? १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद. पाऊणशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेली नावं कुणी वाचली नाहीत. बघा, मनूनं जे धर्माच्या नावानं सांगितलं तेच साहेबानं विज्ञानाच्या नावानं सांगितलं. जन्मावरून माणसाचं काम ठरवायचं.

निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं दाद मागितली. साहेबाचा रक्ताचा सिद्धांत पक्का होता, पण महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हंजे मरायला माणसं कमी पडली की आपलं रक्त लढाऊ, आणि पगार-पेन्शन द्यायची वेळ आली की पुन्हा पातळ. आज त्याच रेजिमेंटमध्ये सगळ्या प्रांतांचे, सगळ्या जातींचे जवान आहेत. तिच्या आठव्या पलटणीतले मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ साली श्रीलंकेत पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नाव तमिळ, पलटण महार. रक्ताचा हिशोब करणाऱ्यांनी हे कुठं बसवायचं ते बसवावं.

गिरणीतलाही एक हिशोब याच वळणाचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसं कताई खात्यात होती, विणाई खात्यात नव्हती. विणाईत पगार जास्त. कारण सांगायचे की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, अस्पृश्याचं तोंड लागलं तर विटाळ होईल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हा सवाल केला. लाल बावट्याखाली सगळे एक, मग साच्यावर का नाही? काडतूस ज्याचं त्यानं दातांनी फाडायचं होतं, म्हणून पलटणीत जागा झाली. धोट्याला सगळ्यांचं तोंड लागायचं, म्हणून साच्यावर जागा झाली नाही. माझ्या रिंग खात्यात नवं पोरगं येतं तेव्हा तुटलेला धागा जोडायला त्याला चार चार वेळा लागतात. महिन्या-दोन महिन्यांत त्याची बोटं न बघता धागा जोडतात. कुठल्याच जातीच्या बोटांत धागा जोडणं जन्मतः नसतं. लढाईही तशीच आहे.

मग रांगेत शिकलेलं गेलं कुठं? माझ्या मते ते महाडला गेलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी होते. त्याच वर्षी २० मार्चला हजारो माणसं रांगेनं चवदार तळ्यावर चालत गेली. महाड, दापोलीचा तो टापू पेन्शनर महार शिपायांचा. कोकणातल्या आपल्या चळवळीचा पाया अशाच लोकांनी घातला होता. पाणी पिऊन परतल्यावर सनातन्यांनी काठ्यांनी हल्ला केला. आपल्याकडं संख्या होती, फौजेत राहून आलेली माणसं होती. मनात आणलं असतं तर गाव उलटंपालटं केलं असतं. बाबासाहेबांनी हात उचलू नका सांगितलं, आणि रांग मोडली नाही. मार खाऊन शिस्त पाळणं हे तलवारीच्या लढाईत कुणाला शिकवता येत नाही. जो पळत नाही आणि जो चवताळून एकटाच पुढंही धावत नाही, असा माणूस लागतो. पानिपतावर ज्यांनी रांग मोडली ते मोठ्या घरचे होते. महाडला ज्यांनी रांग राखली त्यांना गावात कुणी पाणी देत नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, रक्तात लढाई आहे म्हणू नका. आपण लढायला शिकलो म्हणा. रक्ताचं म्हटलं की उद्या कुणीतरी म्हणेल, मातंगाचं रक्त कमी, चर्मकाराचं आणखी कमी, आणि मनूची उतरंड आपल्याच वस्तीत परत रचली जाईल. शिकलो म्हटलं की शिकवायची जबाबदारी येते.

आणि एक काम करा. तुमच्या गावात, नात्यात कुणाचा पणजा-खापरपणजा पलटणीत होता ते शोधा. ट्रंकेत पेन्शनीचा कागद असेल, बिल्ला असेल, म्हातारीला पलटणीचं नाव आठवत असेल. लिहून घ्या. गाव, नाव, हुद्दा, साल. स्तंभापाशी गेलात तर 'नाक' लागलेली बावीस नावं वाचाच, पण उरलेली सत्तावीसही वाचा. ते एकाच रांगेत उभे होते.